आवाजाच्या पाण्यातली बंदूक

मामाच्या दुकानातलं ते यंत्र चालू केलं की पाणी उकळल्यासारखं थरथरायचं, पण हात जवळ नेला तर वाफ नसायची. पाणी कोमटच असायचं. चकचकीत पोलादी टब, आत जाळीची टोपली, बाजूला दोन बटणं. टोपलीत काळवंडलेली साखळी ठेवायची, झाकण लावायचं, बटण फिरवायचं. डास कानाजवळ आल्यासारखा एक बारीक, टोकदार आवाज सुरू व्हायचा आणि साखळीच्या कड्याकड्यातून मळ धुरासारखा निघत राहायचा. गिऱ्हाइकं काउंटरवर वाकून बघायची. मामा म्हणायचा, "ब्रश नाय, हात नाय. आवाजाने धुतो मी." त्याला ते वाक्य फार आवडायचं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. माझी इंग्रजी शाळा संपली होती आणि सरकारी नोकरीच्या परीक्षेचा निकाल यायचा होता. तोपर्यंत रिकामं बसू नये म्हणून आईने मला पोर्ट लुईला मामाच्या घड्याळ-चष्म्याच्या दुकानात पाठवलं. आठवडाभर मी तेर रूजला मामाच्या घरी राहायची आणि शुक्रवारी संध्याकाळी बसने बों अक्योयला घरी जायची. गिऱ्हाइकांशी बोलायला मला जड जायचं. मी चष्मे पुसायची, डब्यांवर चिठ्ठ्या लावायची आणि मामाला इंग्रजीतले कागद वाचून दाखवायची. घरातली मराठी मला सगळी समजायची, पण तोंड उघडलं की आमच्या बेटावरची क्रियोल बोली बाहेर पडायची. लिहायला तर मी खूप नंतर शिकले.

यंत्राबरोबर आलेला कागद मीच वाचला होता. हात बुडवू नका. वस्तू टबाच्या तळाला टेकू देऊ नका, टोपलीतच ठेवा. पेट्रोल, बेंझीन, स्पिरिट असलं पेट घेणारं काही टबात ओतू नका. पाणी आणि थोडा साबण पुरे. धुतलेली वस्तू लगेच कोरडी करा. मामाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एवढे नियम तर तुझ्या मामीचे पण नायत."

माझे बा साखर कंपनीच्या शिकारीच्या जंगलात राखणदार होते. गार्द-शास म्हणतात आमच्याकडे. थंडीच्या महिन्यांत मालक लोक हरणांची शिकार करतात. त्यांना आम्ही मिस्ये म्हणतो. ते मचाणावर बसतात, गोळ्या झाडतात, मग टेबलं मांडून जेवतात. जखमी होऊन पळालेलं जनावर रक्तामागे जाऊन शोधायचं आणि त्याचे हाल संपवायचे, हे बांचं काम. त्यासाठी त्यांच्याकडे स्वतःची, परवान्याची दुनळी बंदूक होती. बांना त्या कामाचा अभिमान होता, पण ते तो दाखवत नसत. उंबरठ्याशी आले की बंदूक मधोमध मोडायची, म्हणजे बिजागरीवर उघडायची, दोन्ही नळ्या डोळ्यांनी बघायच्या, मगच घरात पाऊल. पावसात चिंब असले तरी आधी हे. गावात लोक म्हणत, त्याने रिकामी म्हटली की रिकामी.

आदल्या हंगामात त्या बंदुकीने दगा दिला. पाय मोडलेलं एक मोठं नर हरीण बांनी गाठलं, उजवा चाप ओढला आणि काहीच झालं नाही. काडतुसावर आपटणारा आतला घोडा पडलाच नाही. डावी नळी आधीच झाडून झाली होती. हरीण तीन पायांवर उठून झाडीत शिरलं आणि पुढे कुठे तरी कुजलेलं सापडलं. शिकारीचं बघणारे मिस्ये सगळ्यांसमोर म्हणाले, पुढच्या हंगामाआधी प्रत्येकाने बंदूक दाखवायची. ज्याच्या बंदुकीचा आणि ज्याचा भरवसा नाही, त्याने कारखान्याच्या फाटकावर राखणीला बसायचं.

बंदूक का अडकली ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी बोलत नव्हतं. दरवर्षी खंडेनवमीला कोयता, कुदळ, विळी यांच्याबरोबर बंदूकही पाटावर मांडली जायची. आई तिला हळदकुंकू लावायची आणि खोबरेल तेल. देवाचं करायचं तर हात आखडता कशाला, म्हणून ती तेल प्रत्येक फटीत सोडायची. ते वर्षानुवर्षं आत जाऊन डिंकासारखं घट्ट बसलं होतं. बांनी वरून कितीही पुसलं तरी आत पोहोचत नव्हतं. बेटावर बंदुका दुरुस्त करणारे होते, पण हंगाम तोंडावर आला की त्यांच्याकडे मोठ्या लोकांच्या बंदुका आधी.

एका रविवारी मामा आमच्याकडे जेवायला आला असताना त्यानेच विषय काढला.

"दाजी, आणा ती माझ्याकडे. टबात घालू."

"चष्म्याची दांडी नाय ती," बा म्हणाले.

"तेवढाच फरक. चष्मा लावला की माणसाला दिसतं. तुम्ही बंदूक लावता आणि हरीण पळतं."

आई भात वाढता वाढता थांबली. बांनी मामाकडे बघितलं आणि मग हळूच हसले. ते हसले म्हणजे जाणार, हे मला कळलं.

पुढच्या शनिवारी मी आणि बा दुपारच्या बसने निघालो. बंदूक आईने एका फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळून, सुतळीने बांधून तयार ठेवली होती. परवान्याचा कागद बांच्या खिशात. बसमध्ये गर्दी होती. ते गाठोडं आमच्या दोघांच्या मांडीवर आडवं होतं आणि त्याचं पुढचं टोक वाटेच्या बाजूला. तिथे एक बाई तान्हं मूल घेऊन उभी होती. मूल पाय हलवायचं आणि त्याची टाच चादरीवर आपटायची. मी संकोचून गाठोडं थोडं आत ओढलं, त्या बाईला लागू नये म्हणून. त्या वेळी मनात एवढंच होतं.

दुकान शनिवारी दुपारी बंद असायचं. मामाने अर्धं दार ओढून घेतलं. बांनी सुतळी सोडली आणि सवयीने बंदूक मोडायला अंगठ्याने वरची कळ ढकलली. ती हललीच नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला. अंगठ्याचं नख पांढरं झालं.

"काल तर उघडली होती," बा म्हणाले. "घट्ट होती, पण उघडली."

"तेल आणखी बसलं असंल. रिकामी हाय ना?"

"मी बघितली. रिकामी हाय."

मामाने पुढे विचारलं नाही. त्याने का विचारावं? बांनी सांगितलं होतं.

उघडत नाही म्हणून नळ्या सुट्या करता येईनात. मग मामाने स्क्रू काढून मागचा लाकडी दस्ता वेगळा केला, कारण लाकूड पाण्यात घालायचं नाही हे त्याला ठाऊक होतं. उरला तो लोखंडी भाग, म्हणजे चाप, आतली यंत्रणा आणि दोन लांब नळ्या. यंत्रणेचा भाग टोपलीत बुडवायचा आणि नळ्या वर उभ्या ठेवायच्या, असा बेत होता. त्याने नळ्या सुतळीने भिंतीवरच्या फळीच्या खिळ्याला बांधल्या. नळ्यांची तोंडं छताकडे झाली.

आमच्या दुकानावर लाकडी फळ्यांचा मजला होता. वर एक शिवणकाम करणारी बाई भाड्याने राहायची. दिवसभर तिच्या पायमशीनचा आवाज यायचा, खडखड, थांबा, खडखड. त्या आवाजाची आम्हाला इतकी सवय होती की तो बंद पडला तरच लक्ष जायचं.

मामाने कपाटातून बेंझीनची बाटली काढली. घड्याळाचे भाग तो बेंझीननेच पुसायचा.

"खोबरेल हाय. साबणाने काय होणार त्याचं?"

मी म्हणाले, "मामा, नको." त्याने वळून बघितलं. मी सहसा मध्ये बोलत नसे. मी क्रियोलमध्ये पुढचं घाईघाईने सांगितलं, की टब तापतो, बेंझीनची वाफ होते, एक ठिणगी पुरे, कागदात लिहिलंय.

"कागदात," मामा बांना म्हणाला. "बघा दाजी, पोरीला शाळेत घातली ती तुम्ही, आणि भोगतोय मी." पण त्याने बाटली परत कपाटात ठेवली. पाणी ओतलं, साबणाचे थेंब टाकले, थोडं गरम होऊ दिलं आणि दुसरं बटण फिरवलं.

आवाज सुरू झाला. आधी काहीच दिसेना. मग चापाच्या फटीतून एक पिवळसर रेघ निघाली आणि पाण्यात पसरली. तिच्यामागून तपकिरी. मग चक्क लाल. पाणी ढवळून निघाल्यासारखं झालं आणि त्याला वास सुटला, जुन्या खोबरेलाचा आणि हळदीचा, सणानंतर दुसऱ्या दिवशी घरात राहतो तसा.

"आयो," मामा म्हणाला. "दाजी, मी बंदूक धुतोय की तुमचा देव्हारा?"

बा ओशाळले, पण त्यांना बरंही वाटत होतं. इतकं आत साचलेलं बाहेर येताना बघून त्यांनी खांदे सैल सोडले. गिऱ्हाइकाच्या खुर्चीच्या काठावर बसून ते टबात बघत होते, लहान मूल मासे बघतं तसे. म्हणाले, "मिस्येला दाखवीन. म्हणंल, नवी घेतलीस काय."

मामाने गढूळ पाणी बदललं आणि यंत्र परत लावलं. थोड्या वेळाने आतून एक आवाज आला. टक्. यंत्राच्या गुणगुणीतही तो वेगळा ऐकू आला. मोठा नव्हता. कपाटाची कडी पडावी एवढा.

बांचा चेहरा उजळला. "घोडा सुटला. उजवा. ऐकलंस काय? तोच अडकला होता."

मामाने बटण बंद केलं, हात पुसले, विजयी मुद्रेने टॉवेल घेतला, खिळ्याची सुतळी सोडली आणि बंदुकीचा भाग टोपलीतून वर उचलला. बांनी कळ ढकलली. आता ती अंगठ्याखाली सहज सरकली. नळ्या खाली झुकल्या आणि बंदूक उघडली.

डाव्या नळीच्या जागी काळं गोल भोक होतं. उजव्या नळीच्या जागी पितळेची पिवळी चकती होती.

ती ओली होती आणि तिच्यावर ट्यूबलाइटचा उजेड पडला होता. मला आधी वाटलं तो बंदुकीचाच भाग आहे. मला बंदुकीतलं काही कळत नव्हतं. पण मामाने टॉवेल धरलेला हात तसाच हवेत ठेवला होता. बांचे ओठ किंचित उघडले होते. मग मी नीट बघितलं. चकतीच्या बरोबर मध्ये एक लहान खळगा होता, नखाने दाबल्यासारखा. ताजा.

वर पायमशीन चालू होतं. खडखड, थांबा, खडखड.

बांनी नखांनी ते काडतूस बाहेर ओढलं. तळहातावर घेतलं. मग मान वर करून त्यांनी छताकडे बघितलं, जिथे नळ्यांची तोंडं इतका वेळ लागलेली होती. मीही बघितलं. दोन फळ्यांमधली फट होती आणि फटीतून वरचा उजेड दिसत होता. मध्येच काही तरी हलायचं आणि उजेड जायचा यायचा. तो तिचा पाय होता.

"उडालं कसं नाय?" मामाने विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"घोडा चिकटासकट आला. हळू आला." बा थांबले. "आणखी थोडं धुतलं असतं तर..."

मी काय केलं ते मला चांगलं आठवतं, कारण त्यात काही अर्थ नव्हता. काउंटरवर एका गिऱ्हाइकाचा चष्मा उघडा पडला होता, तो मी घडी करून डबीत ठेवला. डबी बंद करताना तिचाही टक् आवाज झाला आणि मामा दचकून मागे सरला. तेवढ्यात वरचं मशीन थांबलं. ते का थांबलं ते ऐकण्यासाठी आम्ही तिघंही वर बघत उभे होतो. खुर्ची सरकली, ती खोकली, चार पावलं गेली, पाण्याचा नळ उघडल्याचा आवाज आला. ती परत आली आणि मशीन सुरू झालं. मामा भिंतीला टेकला.

मला मघाशी कपाटात गेलेल्या बेंझीनच्या बाटलीची आठवण झाली. मग बसमधल्या मुलाची टाच आठवली. कोणती गोष्ट आधी घाबरण्यासारखी, तेच मला ठरवता येईना.

"मी बघितली होती," बा म्हणाले. "काल संध्याकाळी. दोन्ही बघितल्या."

"हां, दाजी."

"रिकामी होती."

मामाने टॉवेलची घडी घातली. मला वाटतं, त्याचं गप्प राहणंच बांना लागलं. ते काडतूस हातात घेऊन खुर्चीत बसले. मग म्हणाले, "माझ्या बापाचं असंच झालं होतं. जेवला तरी म्हणायचा, मला वाढलं नाय. मला तर आठवतंय, मी बघितली. म्हणजे आठवणीचा पण भरवसा नाय आता." त्यांनी मान हलवली. "मिस्ये बरोबर बोलला. सोमवारी जाऊन सांगतो, मला फाटक दे."

"अहो दाजी, एकदा चुकलं..."

"ह्यात एकदा नसतं."

बंदूक अर्धी उघडून टाकून देणं शक्य नव्हतं, म्हणून मामाने पुढचं काम केलं. पण आता तो वेगळाच माणूस झाला होता. आधी त्याने नळ्या पूर्ण सुट्या केल्या. एकेक नळी दिव्याकडे धरून त्याने आरपार बघितलं, मग मला बघायला लावलं, मग बांपुढे धरली. बांनी मान फिरवली. काडतूस त्याने बांना बाहेर मागच्या मोरीजवळच्या कट्ट्यावर नेऊन ठेवायला सांगितलं, यंत्रापासून लांब. मग यंत्रणेचे लहान भाग तेवढे टोपलीत ठेवले. नळ्या टबात मावणाऱ्या नव्हत्याच, त्या त्याने गजाला फडकं गुंडाळून आतून पुसल्या. टबातून निघालेला प्रत्येक भाग साध्या पाण्यात बुडवून काढला, केस वाळवायच्या यंत्राने फटीफटीतून सुकवला आणि लगेच घड्याळाचं पातळ तेल लावलं. त्या पाण्यातून लोखंड इतकं कोरं निघतं की तेल नसेल तर रात्रीतून गंजतं, असं तो म्हणाला. कुणाला सांगत होता कोण जाणे. एरवी तो काम करताना शीळ घालायचा.

शेवटी बंदूक जुळली. मामाने ती रिकामी असल्याचं पुन्हा दाखवून, मागच्या अंगणात जमिनीकडे रोखून चाप ओढले. उजवा. डावा. दोन्ही घोडे सारखेच, स्वच्छ पडले. असा आवाज त्या बंदुकीने माझ्या आठवणीत कधी केला नव्हता.

"घ्या," मामा म्हणाला.

बांनी ती घेतली, लगेच मोडली, नळ्या काढून वेगळ्या गुंडाळल्या. परतीच्या बसमध्ये दोन गाठोडी होती. मधूनमधून बा नळ्यांच्या गाठोड्याची चादर बाजूला करून आत बघत होते. शेवटी त्यांनी ते माझ्या पुढ्यात धरलं. "तू बघ, पोरी." मी बघितलं. काही नव्हतं. मी म्हणाले, काही नाही. त्यांनी माझ्यावरही विश्वास ठेवल्यासारखं दिसलं नाही.

आम्ही घरी पोहोचलो तेव्हा आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने आधी माझ्याकडे, मग गाठोड्यांकडे बघितलं.

"झालं काय काम?"

"झालं," मी म्हणाले.

"आणि दादाला मिळालं?"

"काय?"

"आत घातलेलं. काय म्हटला?"

बा पायातलं पायताण काढत होते. ते एका पायावर तसेच थांबले.

आई हसत होती. भावाने आपली थट्टा केली असणार, ती ऐकायला मिळेल, अशा तयारीत होती. "मी म्हटलं बघू, माझ्या भावाच्या ध्यानात येतं काय. वस्तू माहेरी चालली माझ्या. रिकामी कशी पाठवायची? टोप दिला तर तांदूळ घालते, बाटली दिली तर साखर घालते. बंदुकीत काय घालतात तेवढं कळतं मला. इतकी वर्षं बघते तुमचं."

"तू उघडलीस?" बांनी विचारलं.

"उघडली. घट्ट होती मेली. गुडघ्यावर धरून उघडली. मग मिटंना, तर वरवंट्याने दोन ठोके दिले." तिला बांचा चेहरा आता दिसू लागला होता, तशी ती भराभर बोलायला लागली. "मी उजवीकडे घातलं. ती बाजू मेलेलीच हाय की. तुम्हीच म्हणता, ओढली तरी पडत नाय. मी काय चालत्या बाजूला घालीन?"

बा उभेच होते. त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर तसं काहीच नव्हतं. ते आईकडे असं बघत होते की जणू इतकी वर्षं घरात दुसरंच कुणी राहत होतं.

"ती बाजू चालती करायलाच नेली होती," ते म्हणाले.

आईला कळलं नाही. मग मला सांगावं लागलं. मराठीत मला ते सांगता येईना. पाण्यात बंदूक, घोडा, टक्, पितळेवरचा खळगा, सगळं क्रियोलमध्ये बाहेर पडलं, उलटसुलट. वरच्या मजल्याचं सांगितलं तेव्हा आईच्या मांडीवरचं सूप कलंडलं आणि तांदूळ ओट्यावरून खाली गेले. तिने ते उचलले नाहीत.

"वर बाई होती?"

"हो."

"तिथेच? बरोब्बर वर?"

"हो, आई."

थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं, वर बाई होती? जेवताना पुन्हा. ती बाई कशी आहे, तिला मुलं आहेत का, हेही विचारलं. मला ठाऊक नव्हतं. रोज तिच्या पायाखाली बसून काम करत होते आणि मला ठाऊक नव्हतं.

मला मात्र आतून एक सुटका वाटत होती, ती मी कुणाला दाखवली नाही. बांची आठवण शाबूत होती. त्यांनी बघितली तेव्हा बंदूक रिकामीच होती. आता फाटकाचा विषय संपला, बंदूक छान झाली आहे, ते ती दाखवतील, मिस्ये खूश होतील. रविवारी दुपारी मी परत तेर रूजला गेले ती हेच धरून.

पुढच्या शुक्रवारी घरी आले तर आई माझ्याशीही बोलेना. बा अजून आले नव्हते. आई चुलीपाशी भांडी आपटत होती.

"तुझा बाप फाटकावर गेला," शेवटी ती म्हणाली. "शेजारणीकडून कळलं मला. घरात कोण सांगतंय."

सोमवारी बा मिस्येंकडे गेले होते. बंदूक दाखवली. मिस्येंनी दोन्ही चाप ओढून बघितले आणि म्हणाले, उत्तम. मग बांनी आपणहून सांगितलं, की ही बंदूक भरलेली असताना मी रिकामी म्हणून दुसऱ्याच्या हातात दिली, माणसं राहतात त्या घरात. मिस्येंनी विचारलं, काडतूस कुणी घातलं होतं? बा म्हणाले, मीच, विसरलो. बस्स. ह्या हंगामाला फाटक.

बा आले, हातपाय धुतले, पाटावर बसले. आईने ताट ठेवलं ते इतक्या जोरात की आमटी सांडली.

"माझं नाव का नाय सांगितलं?"

ते जेवत राहिले.

"मी काय भिते त्या मिस्येला? मी येऊन सांगितलं असतं. मी घातलं, माझ्या हाताने. मूर्खपणा माझा. तुम्ही का म्हणून विसरभोळे झालात गावात?"

"तू घातलंस," बा म्हणाले. "रिकामी हाय असं कोण म्हटलं?"

आईने आमटीचं पातेलं खाली ठेवलं.

"उघडत नव्हती. आत बघता येत नव्हतं. तरी मी म्हटलं रिकामी हाय. ते ऐकून तुझ्या भावाने ती पाण्यात घातली." त्यांनी भाताचा घास केला, पण उचलला नाही. "काल बघितलेलं मी आज सांगितलं. ते तुझं नाय. ते माझं."

आई पदराने जमीन पुसत राहिली, जिथे काही सांडलं नव्हतं तिथेसुद्धा.

हंगाम सुरू झाला. पहाटे जंगलाकडून कुत्र्यांचा आणि शिंगांचा आवाज यायचा तेव्हा बा उठून बसायचे, आणि उजाडल्यावर कारखान्याकडे जायचे. ऊसतोडणीचे दिवस होते. लॉऱ्या भरून आत जायच्या आणि रिकाम्या बाहेर पडायच्या. बाहेर पडणाऱ्या लॉरीत साखरेचं पोतं वगैरे लपवलेलं नाही ना, एवढं बघायचं काम. आधीचा रखवालदार बसल्या जागेवरून हात हलवून सोडायचा.

एकदा माझी बस फाटकापाशी थांबली, कारण पुढे लॉऱ्यांची रांग लागली होती. ड्रायव्हर भोंगे वाजवत होते. पहिल्या लॉरीच्या चाकावर पाय ठेवून बा वर चढत होते.

"रिकामी हाय, तोंतों," ड्रायव्हर खिडकीतून ओरडला. तोंतों म्हणजे काका. "आत्ताच खाली केली. तुझ्या डोळ्यांदेखत."

वर चढून बांनी कडेला दोन्ही हात टेकले आणि आत वाकून बघितलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग उतरले आणि हात केला. बसमधला एक माणूस शेजारच्याला म्हणाला, हा नवा आलाय ना, असा एकेकीवर चढतो, संध्याकाळ करतो. दोघं हसले. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. बा दुसऱ्या लॉरीच्या चाकावर पाय ठेवत होते.